खुंटीवरचा आईस्क्रीमचा चमचा

भांडं घ्यायला आलेलं माणूस आधी त्याच्यावर टिचकी मारून आवाज ऐकतं, मग बूड उलटं करून बघतं आणि शेवटी विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून विचारतं, "टिकेल ना?" माझं निम्मं आयुष्य या एका प्रश्नाला उत्तर देण्यात गेलं आहे. बारामतीला एका शेठच्या भांड्यांच्या दुकानात मी विक्रीचं काम बघतो. बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन एस.टी.ने इंदापूर, निमगाव केतकी, शेळगाव असा फिरतो. घागरी, पातेली, परातींबद्दल "टिकेल" म्हणताना माझी जीभ कधी अडखळली नाही. अडखळली ती एका चमच्यापाशी. त्या चमच्याने मला एका उन्हाळ्यात इतकं नाचवलं की आजही आठवलं तरी अंगात उत्साह येतो, आणि पाठोपाठ थोडी मानही खाली जाते.

आईस्क्रीमचा पॉट तेव्हा आमच्या भागात नुकता घराघरांत शिरत होता. लाकडी बादली, तिच्यात आतून कल्हई केलेला उभा डबा, वर फिरवायचा दांडा. डब्यात आटवलेलं दूध, साखर, आंब्याचा रस घालायचा, बादलीत बर्फ आणि खडेमीठ भरायचं आणि घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने दांडा फिरवायचा. बर्फ पुण्याकडून लाकडाच्या भुशात गुंडाळून दौंडला यायचा आणि तिथून आमच्या छोट्या गाडीने बारामतीला. पोत्यातून पाणी गळायला लागलं की स्टेशनावरची माणसं नुसती हात लावायला धावायची.

पण आईस्क्रीम झालं की प्रश्न यायचा, काढायचं कशाने? लोक पळीने काढत, डावाने काढत. पळीची मान वाकायची, डावाचा खिळा ढिला व्हायचा आणि ताटलीत पडायचं ते वेडंवाकडं ढेकूळ. पुण्यामुंबईच्या हॉटेलात मात्र चेंडूसारखा गोल गोळा मिळतो, हे तिकडे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगायचा.

आणि एके दिवशी शेठनी मुंबईहून तो गोळ्याचा चमचा आणला! अर्ध्या पेरूएवढी गोल वाटी, वाटीत पातळ पट्टी, दांड्याला कळ. कळ दाबली की आतलं दातेरी चाक फिरायचं, पट्टी वाटीच्या कडेने सरकायची आणि गोळा सुटून खाली पडायचा. वर निकेलचा असा मुलामा की त्यात बघून भांग पाडावा. मी दिवसभर ती कळ दाबत बसायचो. गिऱ्हाईक असो नसो, माझं आपलं कर्र कर्र चालूच. शेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "गोविंदराव, विकायचाय तो, का वाजवायचाय?"

विकला, खूप विकला. साखर कारखान्याच्या वसाहतीत विकला, डॉक्टर-वकिलांकडे विकला. इंदापूरच्या एका हॉटेलवाल्याने घेतला तेव्हा मला वाटलं, आता इंदापुरात आईस्क्रीम सुरू होणार. पुढच्या बाजाराला जाऊन बघतो तर गडी बटाटेवड्याच्या सारणाचे गोळे काढतोय. म्हणाला, "पयले आचारी एक वडा ल्हान करायचा, एक मोठा. गिऱ्हाइकं मोठ्यासाठी भांडायची. तुमच्या चमच्यानं भांडण मिटलं बगा." मी इतका खूश झालो की त्याचे वडे खाऊन पोट बिघडेपर्यंत उठलो नाही.

निमगावच्या बाजारात अनसूयाबाई आल्या त्या याच दिवसांत. त्यांचे यजमान, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, बागायतदार. कालव्याच्या पाण्यावर भाजी आणि पेरू, बांधाला आंबे. बाई उंच, आवाज खणखणीत, भाव करताना समोरच्याला घाम फोडणाऱ्या. त्यांच्या थोरल्या सुनेला, कुसुमला, दिवस गेले होते. ती बारामतीची मुलगी, लाडात वाढलेली. तिला डोहाळे कशाचे लागावेत? तर गोल गोळ्याच्या आईस्क्रीमचे.

"चिचा मागिती का, बोरं मागिती का, तर न्हाय," अनसूयाबाई मला सांगत होत्या. "पोरीला गोळाच पायजे. पळीनं काढून दिलं तर म्हणती, आत्याबाई, त्यो गोळा न्हाय, ती भाजी दिसतीया."

तात्या मिशीत हसत म्हणाले, "आन् इहीणबाई काय म्हणाल्या त्ये सांग की."

ती खरी मेख होती. कुसुमची आई यमुनाबाई, बारामतीच्या. त्या म्हणाल्या होत्या की डोहाळजेवण आम्ही माहेरीच करतो, तुमच्या मळ्यात कुठं आईस्क्रीम-बिइस्क्रीम जमणार? हे ऐकल्यापासून अनसूयाबाईंच्या पोटात आग पडली होती. सून त्यांची, नातवंड त्यांच्या घरचं. डोहाळजेवण निमगावातच होणार, आईस्क्रीम मळ्यातच होणार आणि गोळा चेंडूसारखाच पडणार, असं त्यांनी विहिणीला ठणकावून सांगितलं होतं.

त्यांनी चमचा हातात घेतला, टिचकी मारली, कळ दाबली. कर्र! बाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मग नेहमीचा प्रश्न आला.

"टिकंल न्हवं?"

"वहिनी, नातवाच्या लग्नापर्यंत टिकेल," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो? त्या चमच्याने एक उन्हाळाही नीट काढलेला मी पाहिला नव्हता. पण तो चकाकत होता, बाई हसत होत्या आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं.

पुढे बऱ्याच दिवसांनी निमगावला पेटी उघडतो न उघडतो तोच अनसूयाबाई समोर. पदराखालून चमचा काढला आणि माझ्या पुढ्यात आपटला. चमचा चांदीसारखा पांढराशुभ्र. मी कळ दाबली. दबेना. दोन्ही हातांनी दाबली. पट्टी वाटीला, चाक पट्टीला, कळ दांड्याला, सगळं एकमेकांना घट्ट चिकटून एक झालेलं.

"ह्याला केलंत काय?"

"काय करायचं? कल्हई केली!"

मग सगळं उलगडलं. चमचा वापरून झाला की बाई तो चिंच आणि राखेने घासायच्या, घरातलं प्रत्येक भांडं घासतात तसा. निकेलचा मुलामा केसाएवढाही जाड नव्हता. तो गेला आणि खालून पिवळं पितळ दिसायला लागलं. पितळ दिसलं की आमच्याकडची कोणतीही बाई काय करील? डोहाळजेवणाची भांडी कल्हईला निघालीच होती, त्यांत चमचाही टाकला. कल्हईवाल्याने इमानाने भट्टीवर तापवला, नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसाने पुसून चकचकीत केला. उष्णतेने आतली स्प्रिंग मेली आणि दात्यादात्यांत कथील बसलं.

"अहो वहिनी, या चमच्याला कल्हई नसते करायची!"

"पितळ हाय का न्हाय?"

"आहे."

"बिनकल्हईच्या पितळंत दूध कळकतं का न्हाय?"

"कळकतं."

"मग दोन जिवांच्या बाईला कळकलेलं खायला घालू व्हय मी? तुमी भांडी इकता का बत्तासं?"

भोवती माणसं जमली होती. बाईंचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. चूक माझी होती. वरचं चकाकतं ते जाणार आहे आणि खाली पितळ आहे, हे मला ठाऊक होतं. मी ते बोललो नव्हतो.

"डव्हाळजेवण पुढच्या आठवड्यात हाय," त्या एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या. "इहीण येणार. आता म्या पोरीपुढं पळी धरू का?"

एवढ्या खणखणीत बाईचा आवाज असा पडलेला मला ऐकवेना. मी तिथेच सांगितलं, चमचा मी आणीन. चकाकणारा नाही, टिकणारा.

आणि मग मी जो पिसाटलो! बारामतीला परतल्यावर दुकानात होते नव्हते तेवढे चमचे, डाव, पळ्या गोळा केल्या. पण आईस्क्रीमशिवाय त्यांची परीक्षा कशी घ्यायची? रोज बर्फ कुठून आणणार? एकाएकी डोक्यात लख्ख प्रकाश पडला: गूळ! नवी मऊसर ढेप हाताला लागते अगदी घट्ट आईस्क्रीमसारखी. मी पिशवी घेऊन गुळाच्या बाजारात गेलो, ओळखीच्या आडत्याच्या ढेपेपुढे मांडी घातली आणि एकेक चमचा खुपसायला लागलो.

आडत्या म्हणाला, "गोविंदराव, गूळ घ्यायचाय का विहीर खणायचीय?"

"थांबा हो, मान कुठे वाकते ते बघतोय."

"तुमचीच वाकलीया. सकाळधरनं उठला न्हाय."

पण केवढं कळलं मला त्या ढेपेपुढे! पत्र्याचा चमचा वाटीपाशी मुडपला. खिळ्याने जोडलेल्या दांड्याचा खिळा हलायला लागला. एका गिऱ्हाइकाने परत केलेल्या कळीच्या चमच्याचं दातेरी चाक जागेवरच कुरकुरलं, उघडून बघितलं तर आत मिठाच्या पाण्याने स्प्रिंगला गंज चढलेला. पॉटभोवती खारं पाणी असणारच, ते सांध्यात शिरणारच. म्हणजे जिथे जोड आहे तिथे चमचा मरतो. मग जोडच नको! कळ नको, खिळा नको, मुलामा नको. वाटी आणि दांडा एकसंध ओतलेला हवा. हे सुचलं तेव्हा मी ढेपेवर अशी थाप मारली की आडत्याने मला गूळ नाही तर नाही, निदान पाणी तरी प्या म्हणून उठवलं.

एकसंध ओतणार कोण? इंदापूरला रामभाऊ ओतारी होते, बैलांच्या गळ्यातल्या घंटा ओतणारे. पहिल्याच एस.टी.ने मी त्यांच्याकडे गेलो.

"चमचा?" रामभाऊ म्हणाले. "काशाचा करू. कल्हईची कटकट न्हाय. बैलाची घंटा करतो तसा खणखणीत."

काशाला कल्हई लागत नाही, हे खरंच. मला ते एकदम पटलं. दोन दिवसांनी चमचा तयार झाला, आणि काय देखणा! टिचकी मारली तर नाद कितीतरी वेळ कानात राहिला. मी आनंदाने तो उंच धरून उजेडात फिरवला आणि हातातून सुटून उंबऱ्याच्या दगडावर पडला. दोन तुकडे.

रामभाऊ तुकड्यांकडे बघत राहिले. "त्येला काय, हातातनं पडू द्यायचा न्हाय, येवढंच."

"रामभाऊ, घरात वापरायचाय. थंडीने बोटं बधिर झालेली असतात, पोरं ओढतात. पडणारच तो!"

शेवटी मी भीतभीत जर्मनचं नाव काढलं. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात आणि ते गरिबाघरचं भांडं समजतात. रामभाऊ उसळले.

"जर्मन वतू व्हय मी? उद्या लोक म्हणतील, रामभाऊची अशी गत झाली की थाळ्या-वाडगी वितळवाय लागला!"

पण मी हटलो नाही. जर्मनला कल्हई नको, गंज नाही, पडलं तर फार तर पोचा येईल आणि जाड ओतलं तर वाकणार नाही. कटकट संपावी म्हणून असेल, रामभाऊंनी फुटकी पातेली मुशीत टाकली. वाटीच्या साच्याला अनसूयाबाईंकडून मी बरोबर आणलेला तोच कल्हई केलेला चमचा वापरला. दांड्याला काय वापरावं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आतून बायकोचं लाटणंच उचलून मातीत दाबलं.

आतून आवाज आला, "अवो, चपात्या ऱ्हायल्यात की माज्या!"

"चपात्या काय पळून जात्यात व्हय?"

असा तो चमचा जन्मला. राखी रंगाचा, लाटण्याएवढ्या जाड दांड्याचा. रामभाऊंनी वाटीची कड कानशीने पातळ करून दिली. बरोबर आणलेल्या गुळात खुपसला, आरपार. दगडावर आपटला, काही नाही. पुन्हा आपटला. मी रस्त्यात उभा राहून चमचा आपटतोय आणि हसतोय, असं इंदापूरच्या लोकांनी त्या दिवशी पाहिलं.

एकच भीती होती. कळ नाही, तर गोळा सुटणार कसा? गुळाचा गोळा मी टकटक आपटून काढत होतो. रामभाऊंना विचारलं तर म्हणाले, "त्ये मला काय ठावं? मी बैलाची घंटा करतो."

डोहाळजेवणाच्या सकाळी बर्फाचं पोतं घेऊन मी निमगावची एस.टी. धरली. उन्हाळा असा की सीटला हात लावावा तर चटका. वाटेत वितळेल म्हणून बर्फ दुप्पट घेतला होता. शेळगावला कंडक्टर पायाखालचं पाणी बघून ओरडला, "कुणाचं पोरगं हाय रे हे?" सगळी गाडी हसली आणि मी पोत्यावर आणखी एक घोंगडं टाकलं.

मळ्यात पोचलो. अनसूयाबाईंनी चमचा हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"जर्मनचा?"

"व्हय वहिनी."

"इहीण हसंल मला."

"हसतील. आता सगळं आधीच सांगतो. हा चकाकणार नाही. याला चिंच लावायची नाही, कल्हई करायची नाही. खारं पाणी लागलं की लगेच धुवायचा. तो वाकणार नाही, फुटणार नाही. पण गोळा कसा सुटेल, ते मला माहीत नाही."

बाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. "ह्ये समदं पयल्या चमच्याच्या येळंला का न्हाय बोललात?"

त्या चमचा घेऊन चुलीपाशी गेल्या.

बर्फ फारसा वितळलाच नव्हता. तात्यांनी तो सगळा बादलीत घातला आणि मीठही सढळ हाताने. गड्यांनी दांडा असा फिरवला की शेवटी तो फिरेनासाच झाला. पडवीच्या कोपऱ्यात आम्ही पुरुष, आत बायकांची दाटी. हिरवी साडी, फुलांचे दागिने घालून कुसुम पाटावर बसलेली आणि तिच्या शेजारी यमुनाबाई. ओटी भरून झाली, गाणी झाली. मग डबा उघडला आणि यमुनाबाईंनी आपल्या पिशवीतून एक चकाकता चमचा काढला. कळीचा. ओळखायला मला क्षणही लागला नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला मीच विकला होता!

"म्हटलं इथं मिळतोय न मिळतोय, आपला असावा बरोबर," त्या म्हणाल्या. तेवढ्यात त्यांची नजर पडवीत गेली. "अगबाई, गोविंदराव! तुमच्याच दुकानातला बरं का हा!"

त्यांनी चमचा डब्यात घातला. आईस्क्रीम दगड झालेलं. त्यांनी जोर लावला, कळ दाबली. आत काहीतरी कटकन मोडलं आणि पट्टी वाकून वाटीबाहेर आली.

"अहो गोविंदराव! टिकेल म्हणाला होतात ना?"

सगळ्या बायकांनी पडवीकडे पाहिलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "म्हणालो होतो, यमुनाबाई. चूक झाली. तो किती टिकेल ते मला माहीत नव्हतं आणि माहीत नाही असं सांगायला हवं होतं."

तेव्हा अनसूयाबाई चुलीपुढून उठल्या. त्या मघापासून पुऱ्या तळत होत्या, हात तापून लाल झालेले. त्याच हाताने त्यांनी राखी चमच्याचा जाड दांडा मुठीत धरला आणि वाटी आईस्क्रीमवरून ओढली. वाटी तळाला लागेपर्यंत गेली आणि वर आली ती भरून. गोल. आता सुटतोय का? बाईंनी चमचा कुसुमच्या ताटलीवर उलटा धरला. मुठीची ऊब दांड्यातून वाटीपर्यंत गेली असावी. गोळा किंचित हलला, घसरला आणि अलगद ताटलीत उतरला. चेंडूसारखा!

कुसुमने टाळी वाजवली. खरंच, लहान पोरीसारखी टाळी वाजवली. "आत्याबाई, आणखी एक!"

"खा की, खा! डबा भरलाय!" अनसूयाबाई म्हणाल्या आणि गोळ्यामागून गोळे पडायला लागले. बायका ताटल्या घेऊन पुढे सरकल्या. पडवीत तात्यांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी पुढे झुकलो. मला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं. आईस्क्रीमच्या चमच्याला कळ लागतच नाही, हे मला त्या क्षणी कळलं. चांगला जाड दांडा आणि तापलेला हात पुरे.

दोन विहिणींचं काय झालं? यमुनाबाईंनी आपला मोडका चमचा परत पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, "विहीणबाई, बघू तरी कसा धरतात." अनसूयाबाईंनी चमचा त्यांच्या हातात दिला आणि यमुनाबाईंनी लेकीला दुसरा गोळा घातला. तो जरा वाकडा पडला. अनसूयाबाई म्हणाल्या, "हात गार हाय तुमचा. चुलीम्होरं बसा घटकाभर." आणि दोघी हसायला लागल्या.

यमुनाबाईंना मी तसाच चमचा करवून दिला. मग रामभाऊंकडून पुष्कळ ओतून घेतले. रामभाऊ अजूनही ते घंटांच्या मागे झाकून ठेवतात. आता दुकानात कुणी "टिकेल ना?" म्हटलं की मी भांडं त्याच्या हातात देतो आणि ते कुठे आधी मोडेल, ते बोटाने दाखवतो. शेठना हे आवडत नाही. काही गिऱ्हाइकं जातात. जाऊ देत.

मागच्या बाजाराला निमगावला गेलो तेव्हा तात्यांनी चहाला घरी नेलं. कुसुमची मुलगी अंगणात तुरुतुरु पळत होती. राखी चमचा फळीवर होता, एक-दोन पोचे आलेला, तसाच भक्कम. पण दाराशेजारच्या खुंटीला, घरात शिरताना नेमका डोळ्यांपुढे येईल असा, तो पहिला कल्हईवाला चमचाही टांगलेला होता. रामभाऊंकडून मी तो त्यांना परत आणून दिला होता.

"वहिनी, हा कशाला ठेवलाय अजून? कामाचा ना धामाचा."

अनसूयाबाईंनी कपबशी माझ्यापुढे ठेवली. "कामाचा हाय की. तुमी आलात की दिसावा म्हणून टांगलाय."

चहा पिताना मी त्याच्याकडे बघत होतो. कळ दबत नव्हती, पट्टी हलत नव्हती. कल्हई मात्र जशीच्या तशी होती.